होळीच्या फाटकाचा कट

कोर्टाच्या बाकावर माणूस सहा वर्षं बसला की बुडाला घट्टे पडतात अन् डोक्यात किस्से साचतात. घट्टे दाखवता येत नाहीत, म्हणून पानठेल्यावर किस्से सांगत असतो.

लाखनीजवळच्या आमच्या गावात होळीची लाकडं मागत नाहीत, चोरतात. ज्याचं गेलं त्यानं शिव्या घालायच्या अन् त्याच होळीत नारळ टाकायचा. असा रिवाज. त्या वर्षी मी अन् माझा पुतण्या सुदाम, दोघांनी रेतीच्या ठेकेदाराचं सागवानी फाटक उचललं. ठेकेदार गावचा घरजावई. त्याला शिव्या येत नव्हत्या, ठाण्याचा रस्ता येत होता. अन् सुदाम वनरक्षकाच्या भरतीत धावण्यात पहिला आला होता. फक्त पोलीस चौकशी बाकी होती.

*

ठाणेदारानं विचारलं, "कट कुठं शिजला?"

"पारावर, साहेब."

"कोण कोण होते?"

"मी, सुदाम अन् ठेकेदाराचा सासरा. फाटक कोणत्या बाजूनं उचलाचं, ते त्यायनंच सांगतलं."

ठाणेदारानं पेन थांबवला. "सासरा राहू दे. कटाले दोघं पुरतात."

*

सुदामनं मला फोनवर मेसेज पाठवला होता, 'आज ठेकेदाराचा नंबर. कोणाले सांगू नोको.' खाली मी हसतं तोंड पाठवलं होतं. सरकारी वकिलानं भर कोर्टात ते तोंड दाखवलं. "आरोपी नंबर दोन हसतो आहे. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं."

मी आमच्या वकिलाच्या कानाशी लागलो. "साहेब, सुदामचा बाप मेला तवाबी मी हेच तोंड पाठवलं होतं. मले दुसरं सापडतच नाही."

वकील म्हणाला, "हे कोर्टात सांगू नका. आणखी बिघडंल."

*

एकदा वकिलानं आम्हाला बाहेर टपरीवर कायदा समजावला. "नुसती वस्तू उचलली म्हणजे चोरी होत नाही. मनात लबाडी पाहिजे. अन् ती सरकारनं सिद्ध करायची."

तेवढ्यात हायवेवरून ठेकेदाराचे टिप्पर गेले, एकामागं एक. रेती बिनपरवान्याची, नदीतून आताच उपसलेली, पाणी गळत होतं, वर ताडपत्री नाही. भरदुपारी.

मी टिप्परांकडं बोट दाखवून विचारलं, "अन् यायच्या मनात काय असते जी?"

वकील म्हणाला, "चहा घ्या, थंडा होऊन राहिला."

*

पुढच्या भरतीतही सुदाम पहिला धावला. चौकशीत तेच आलं, 'केस चालू आहे.' मी ठेकेदाराच्या दारात गेलो. नवं फाटक लोखंडी होतं.

"जावईबापू, केस मांगं घ्या ना. पोराचं वय निघून चाललं."

"घेतो ना मामाजी. माझं फाटक आणून द्या."

"ते तं जळलं."

"मंग थांबा. केसबी जळंल हळूहळू."

*

परवा निकाल लागला. जजसाहेब म्हणाले, लबाडीचा इरादा सिद्ध होत नाही, दोघंही निर्दोष. सुदामचं भरतीचं वय दोन वर्षांमागंच सरलं होतं. आता तो हायवेवर ट्रकांचे टायर काढतो.

पायऱ्यांवर ठेकेदार भेटला. सुदामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मनात ठेवू नोको रे पोरा. तुयं नुकसान कराचा माझा काही इरादा नव्हता."

सुदामनं त्याचा हात हळूच खाली ठेवला.

"मंग तुमीबी सुटले, जावईबापू."