मंडळीची पेटी आणि उभ्या खाचा

“चोर बाहेरना नही शे. कुलूप शाबूत, आनी वही गायब.”

ठाण्याच्या ओट्यावर बसलेला एक लोहार शेजाऱ्याच्या कानाशी हे बोलला. बाबांचा डबा घेऊन मी त्याच्या मागेच उभी होते. त्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. माझ्याकडे सहसा कोणाचंच नसे.

दसऱ्याच्या आधीची ती सकाळ माझ्या डोळ्यांपुढून अजून हललेली नाही. बाबा तेव्हा नंदुरबारला फौजदार होते. आता ते निवृत्त झालेत आणि त्यांच्या हकिकती मी लिहून घेते. ही मात्र मी स्वतः पाहिली, म्हणून ते म्हणाले, “ही तूच लिही. नाव कोणाचं घालू नकोस.”

फिर्याद सुतार-लोहारांच्या मंडळीची होती. रेल्वे आली तेव्हा त्या कामावरच्या कारागिरांनी ही मंडळी काढली. एखादा आजारी पडला तर त्याचं अर्धं राहिलेलं चाक बाकीच्यांनी पाळीपाळीने पुरं करायचं, अशी त्यांची रीत. मंडळीच्या लांब छपरीत प्रत्येक सभासदाला कामाची जागा होती. नियम आणि सभासदांची नावं एका जाड वहीत होती. रेल्वेच्या एका बाबूने ती इंग्रजीत लिहून दिली होती. पुढे तो बदलून गेला आणि वही सागाच्या पेटीत राहिली. दर खंडेनवमीला ती हत्यारांबरोबर पाटावर मांडत, हळदकुंकू वाहत आणि परत पेटीत ठेवत. उघडून वाचायचं कोणाच्या मनात आलं नाही. आलं असतं तरी वाचणार कोण?

आता ती वही नाहीशी झाली होती आणि अध्यक्षांनी संशय एका विधवा बाईवर घेतला होता. नवरा गेल्यावर ही बाई त्याच्या जागी बसून गाड्यांची चाकं करी. आपल्या कामावर नवऱ्याच्याच ठशाने त्याची खूण उठवी. जागा पुरुष सभासदाचीच, असं वहीत लिहिलंय, हे अध्यक्षांनी वडिलांकडून ऐकलेलं. दसऱ्याच्या सभेत वही पुढे ठेवून ते तिला उठवणार होते.

बाबांनी बाईचा जबाब घेतला. ती दाराशी उभी राहिली, बसली नाही.

“वही लिसन मी काय करसू, साहेब? माले वाचता येस का?”

“वहीमुळे तुझी जागा जाणार होती.”

“जागा वहीमा नही शे. मन्हा हातमा शे.” तिने तळहात पुढे केला. तो बाबांच्या हातापेक्षा रुंद होता.

पेटीत काही इंग्रजी कागद उरले होते. पंचनाम्यात त्यांची यादी हवी, म्हणून बाबांनी मला मंडळीच्या खोलीवर नेलं. सुट्टीत घरी आलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी त्यांना आयतीच मिळाली. मी एका कोपऱ्यात बसून कागद लिहून काढत होते. पंच आत-बाहेर करत होते आणि माझी नजर पेटीच्या मागच्या बाजूला गेली. बिजागऱ्यांच्या स्क्रूंभोवती लाकडावर ताजे ओरखडे होते. म्हणजे कुलपाला हात न लावता पेटी मागून उघडली होती. पण सगळ्या स्क्रूंच्या डोक्यांवरच्या खाचा अगदी उभ्या, एका रेषेत होत्या.

एवढ्या माणसांत बोलायचं धाडस मला झालं नाही. यादीच्या खाली मी दोन ओळी लिहिल्या आणि कागद बाबांकडे सरकवला. त्यांनी तो वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि पंचनामा पुरा केला.

संध्याकाळी त्यांनी मंडळीच्या आबांना ठाण्यावर बोलावलं. जुन्या कारागिरांपैकी तेवढे एकच हयात होते. पेटीही त्यांनीच घडवलेली. बाबांनी चोरीचं नाव काढलं नाही.

“आबा, या कपाटाची बिजागरी ढिली झालीय.”

“सरकारी कपाट म्हंजे ढिलंच ऱ्हाई,” आबा हसले. त्यांनी स्क्रू आवळला, मग जरासा मागे फिरवून खाच उभी केली. वर-खाली बोटाने चाचपून पाहिली. बाबा तेवढ्याचीच वाट पाहत होते.

“चोराला इतकी घाई असते, आबा. पेटीच्या चोराला खाचा उभ्या लावायला वेळ कसा मिळाला?”

आबांनी पेचकस टेबलावर ठेवला.

“आडवी खाच मन्हा डोळाले सहन व्हत नही,” ते म्हणाले. “वहीमा तिन्हा विरुद्ध लिखेल शे, असं समदा सांगतंस. वहीच नही ऱ्हायनी तं कोन काय वाची?”

वही त्यांच्याच हत्यारांच्या पेटीत, तेलकट फडक्यात गुंडाळलेली निघाली.

बाबा नेहमी म्हणतात, गुन्हा करताना माणूस स्वभाव लपवतो, हाताची सवय त्याला लपवता येत नाही. पण त्या प्रकरणातून ते दुसरंच काही शिकले, असं मला वाटतं. त्यानंतर कोणी “कागदावर असं लिहिलंय” म्हणालं की ते आधी विचारत, “तुम्ही स्वतः वाचलंत?”

दसऱ्याच्या सभेत त्यांनी वही माझ्या हातात दिली. छपरीत सगळी मंडळी बसली होती. ती बाई एका खांबाला टेकून उभी होती. आबा मान खाली घालून बसले होते. पानांना हळदीचा वास येत होता. तो नियम मला सापडला. मी तो एकदा मनाशी वाचला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग इंग्रजीत मोठ्याने वाचून दाखवला.

“बेटा,” आबा वर न पाहता म्हणाले, “आमनी बोलीमा सांग.”

ती बोली मी लहानपणापासून घरी ऐकत आले होते. चारचौघांत कधी बोलले नव्हते.

“सभासद गया,” मी म्हणाले, “तं त्यानी खूण जो हात चालाडी, तो मंडळीना हात. मंग तो बाईना का व्हयेना.”