शब्द मागे घ्या

नागपूरला विधानसभेचं अधिवेशन सुरू झालं की राळेगावातला एक सायकल दुरुस्तीवाला आपल्या दुकानातही सभागृह भरवायचा. एसटीनं आलेलं वर्तमानपत्र तो मोठ्यानं वाचायचा आणि पंक्चरसाठी थांबलेली माणसं दोन बाकांवर दोन पक्ष होऊन भांडायची. अध्यक्ष तोच. त्यानं पाना रिमवर आपटला की सगळ्यांनी गप्प व्हायचं. बोलणाऱ्यानं आधी ‘अध्यक्ष महाराज’ म्हटलंच पाहिजे, मग तो त्याच्या बापाच्या वयाचा का असेना.

मी नुकताच बी.ए. झालो होतो, आमच्या बौद्धपुऱ्यातला पहिलाच. एका दुपारी कालव्याच्या प्रश्नावर वाद रंगला असताना मी तिथं पाणी मागितलं. त्यानं दुकानातला एकुलता एक गिलास भरून पुढे केला. समोरच्या बाकावरचे पाटील म्हणाले, "त्याले कायले आपला गिलास देऊन राह्यला? ओंजळीत वत ना!"

पाना रिमवर आपटला.

"सभासदानं शब्द मागे घ्यावा," तो शांतपणे म्हणाला.

"अन् नाही घेतला तं?"

"तं सभागृहाच्या बाहेर. तुमचं चाक इथंच राहीन."

दोन्ही बाकं हसली. पाटलांनी चाक काढलेल्या आपल्या सायकलीकडे पाहिलं आणि तेही हसले. "घेतला बाप्पा, अध्यक्ष महाराज!"

"शब्द कामकाजातून काढून टाकला आहे," त्यानं जाहीर केलं.

मी पाणी प्यालो. त्यानं तोच गिलास न विसळता पुन्हा भरला आणि सगळ्यांसमोर घटाघटा रिकामा केला. मग मिशा पुसून वर्तमानपत्र उचललं.

"हं, कालव्यावर कोण बोलून राह्यलं होतं?"