हाय नव्हे, हायेत

माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं पुड्यांच्या कागदांवरून आणि मागून आणलेल्या पुस्तकांतून. त्यामुळे सुनेने मोबाइलवर 'आठवणी कशा लिहाव्यात' हा परदेशातला फुकट कोर्स लावून दिला, तेव्हा मला कोण आनंद. हडपसरच्या आमच्या स्वयंपाकघरात बसून जगभरच्या माणसांबरोबर शिकायचं! बाई इंग्रजीत बोलायच्या, खाली मशीनचं मराठी धावायचं. एकदा आलं, 'पहिला धनाकर्ष फाडून टाका.' मी घाबरलेच. ड्राफ्ट म्हणजे कच्चा मजकूर, बँकेतला नव्हे, हे सुनेने सांगितलं. शंका विचारायला तिकडे कोणी नाही.

माझी धाकटी जाऊ पेठेतली, मराठीची निवृत्त शिक्षिका. लग्न होऊन आली तेव्हापासून चारचौघांत माझी जीभ दुरुस्त करते: 'असं नव्हे वहिनी, असं म्हणावं.' कोर्सचं कळल्यावर म्हणाली, "फुकटचं शिक्षण ना वहिनी, फुकटच जायचं."

तर या कोर्सात गृहपाठ मास्तर तपासत नाहीत, नाव झाकून शिकणारेच एकमेकांचे तपासतात. मराठीत लिहिणारे आम्ही मूठभर. मी सासूबाईंचा गोठा लिहिला, त्यांच्याच बोलीत. उत्तर आलं, 'नापास. हाय नव्हे, आहे म्हणावं.'

हे 'म्हणावं' मी ओळखणार नाही होय? जाऊबाईंनी गुपचूप कोर्सात नाव घातलं होतं तर. माझं नाव झाकलेलं होतं, पण सासू कशी झाकणार? ती तिचीही सासू. म्हणजे ओळखून नापास केलं. सर्टिफिकेट हातात घेऊन तिच्यासमोर मिरवायचं माझं स्वप्न होतं, त्यावरच तिने शाई ओतली.

मी सुनेलाही सांगितलं नाही. वाट पाहिली. पुढच्या आठवड्यात तपासायला एक गृहपाठ आला: 'आम्ही मातीतली माणसं.' तोच गोठा, तीच सासू! जिने जन्मात शेणाला हात लावला नाही, ती शेणाच्या वासाने गहिवरलेली. आणि सासूबाईंच्या तोंडी वाक्य घातलेलं, 'बैल उपाशी हाय.'

अहो, बैल दोन होते. आमच्यात लहान पोरसुद्धा असं म्हणत नाही.

मी चहा केला, सावकाश प्यायले आणि एकेक अक्षर शोधून टाइप केलं: 'नापास. हाय नव्हे, हायेत म्हणावं.'

गौरीच्या जेवणाला सगळे जमलो. पुरणाची पोळी मोडता मोडता ती दिरांना सांगत होती, की त्या कोर्सात कोण अडाणी माणसं भरतात देव जाणे, चक्क मला व्याकरण शिकवलं. दीर म्हणाले, काय चुकलं होतं? तिने सांगितलं. सांगता सांगताच तिचा हात थांबला आणि ती माझ्याकडे पाहू लागली.

मी तिच्या पोळीवर तुपाची धार धरली. चांगली भरपूर.

"बरोबरच हाय की," मी म्हटलं.

तिने दुरुस्त केलं नाही.