कोऱ्या डोळ्याचं कबूतर

आमच्या ह्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, भिंग असतं. घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात तसलं, काळ्या नळकांड्याचं. बीडमध्ये आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. पण खिळे, नळ, कडीकोयंडे भिंगातून बघायची कधी गरज पडत नाही. भिंग आहे ते कबुतरांच्या डोळ्यांसाठी. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या डोळ्यांचा रंग कोणता असं विचारलंत तर हे विचारात पडतील. पण गच्चीवरच्या कुठल्या कबुतराच्या बाहुलीभोवतीचं कडं पूर्ण आहे आणि कुणाचं तुटलेलं, हे झोपेतून उठवून विचारा.

शर्यतीची कबुतरं लांब नेऊन सोडतात. मग ती आपापल्या ढाबळीत परत येतात. ढाबळ म्हणजे कबुतरांचं घर. आमच्या गच्चीवर ते लाकडी फळ्या आणि जाळी ठोकून केलेलं आहे. जे आधी आत शिरेल ते जिंकलं. आता कोण परतणार आणि कोण नाही, हे म्हणे आधीच डोळ्यात दिसतं. सावलीतून उन्हात धरल्यावर बाहुली झटकन बारीक झाली पाहिजे, तिच्याभोवती काळसर कडं पाहिजे आणि बाहेरच्या रंगात रव्यासारखा दाणा पाहिजे. यातलं काहीच नसेल तर तो कोरा डोळा. कोऱ्या डोळ्याचं कबूतर घर विसरतं. मला हे सगळं पत्रिका जुळवण्यातलंच वाटतं, फक्त इथे नवरामुलगा चोच मारतो.

दसरा झाला की आमच्या गच्चीवर छाननी असते. आपली कबुतरं आपणच पारखायची नाहीत, असा नियम आहे. म्हणून धारूरहून ह्यांचे एक मित्र येतात. दोघांना कॉलेजात असल्यापासून हा नाद. ते आमची कबुतरं बघतात, हे तिकडे जाऊन त्यांची बघतात. नापास झालेली कबुतरं पारखणारा घेऊन जातो. दिलेलं परत मागायचं नाही, आणि ते आपणहून उडून आलं तरी ज्याचं त्याला नेऊन द्यायचं. घर विसरणार म्हणून दिलेलं कबूतर परत येईलच कसं, आणि येणार नसेल तर नियम कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. दोघांनीही चहा छान झाल्याचं सांगितलं.

कबुतरांशी माझा संबंध वाळत घातलेल्या पापडांवरून त्यांना हाकलण्यापुरताच होता. पण एका उन्हाळ्यात एका पिलाला त्याच्या आईबापानं टाकलं. ते मी स्वयंपाकघरात आणलं. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, चोच उघडून एकेक दाणा असं भरवलं. जगलं. पंख फुटल्यावर ते दिवसभर बाहेर हिंडायचं, पण गच्चीवरच्या ढाबळीत काही जायचं नाही. मागच्या गॅलरीत उतरायचं आणि पाहुण्यासारखं उंबरा ओलांडून चालत आत यायचं. नर निघाला. मी कणीक मळायला घेतली की ओट्यावर बसून गळा फुगवून घुमायचा. मला त्याचा फार लळा लागला.

छाननीच्या दिवशी मित्रांनी त्याला हातात घेतलं आणि ह्यांना विचारलं, "हे कुणाचं बे?"

"हिचं हाय," हे म्हणाले.

त्यांनी सावलीत बघितलं, उन्हात बघितलं, परत सावलीत नेलं. मग भिंग खाली घेतलं. "वहिनी, राग मानू नका. डोळा कोरा हाय. निव्वळ कोरा."

"मग ऱ्हाऊ द्या की कोरा. मला कुठं त्याला शर्यतीला धाडायचंय?"

"अगं, नियम म्हंजे नियम," हे मध्ये पडले. "बायकोचं म्हनून एक ठिवलं तर लोकं हसतील मला."

"लोकं आत्ता बी हसत्यात," मी म्हणाले. पण तोवर नापास कबुतरांच्या करंडीचं झाकण लागलं होतं.

आठवडाभर मी गच्चीवर चहा पाठवला नाही. सकाळी सवयीनं डाळ भिजत घालायची आणि मग तीच आमटीला वापरायची. मला त्याची आठवण यायची, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती. कबुतरासाठी रडते म्हटल्यावर माहेरचेसुद्धा हसले असते.

दिवाळीनंतरची पहिली शर्यत धारूरहून होती. ह्यांनी आपली चांगल्या डोळ्यांची कबुतरं आदल्या दिवशी टेम्पोनं पाठवली, सकाळी मित्र ती सोडणार होते. हे अंघोळ उरकून गच्चीवर गेले ते धारूरच्या दिशेला मान वर करून उभेच. मी खाली भाकरी थापत होते. तेवढ्यात गॅलरीत फडफड झाली.

आधी मला वाटलं, पारवा असेल. मग ते उंबरा ओलांडून चालत आत आलं.

चोच उघडी होती, छाती धापत होती. मी वाटीत पाणी ठेवलं. ते प्यालं, ओट्यावर चढलं आणि मिक्सरशेजारी आपल्या जागेवर जाऊन बसलं. तव्यावरची भाकरी करपली. मी हसत होते की रडत होते ते मलाच कळत नव्हतं. मग एकदम धसका बसला. नियम! ह्यांनी बघितलं की हे कबूतर आजच धारूरच्या गाडीत बसणार. मी गॅलरीचं दार लावून घेतलं, पण जिन्याकडचं दार लावायच्या आत हे पाणी प्यायला खाली आले.

ओट्याकडे बघून ते जागीच थांबले. "हे कावून हितं?"

त्यांनी खिडकीतून आभाळाकडे बघितलं. वर अजून एकही कबूतर आलं नव्हतं. धारूरहून सगळ्यात आधी हेच पोचलं, एवढं त्यांना कळलं. त्यांनी ते अलगद उचललं, उजेडाला धरलं, भिंग लावलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"कोराच हाय," ते हळू आवाजात म्हणाले.

इतक्यात फोन वाजला. धारूरचा होता. दोन्ही हात कबुतरात गुंतलेले, म्हणून ह्यांनी खुणेनं मला स्पीकर लावायला सांगितलं.

"आलं का बे एक तरी?"

"न्हाई अजून."

"बरं, ऐक. सोडायच्या गडबडीत माझ्या ढाबळीचं दार उघडं ऱ्हायलं. वहिनीचं कबूतर बी गेलं त्यात. तिकडं आलंच तर सांग, सांजच्याला येऊन घिऊन जातो."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि नेमकं तेव्हाच ते ह्यांच्या हातात गळा फुगवून घुमायला लागलं. मी हात लांब करून मिक्सर चालू केला. भांड्यात काहीच नव्हतं.

"न्हाई," हे मिक्सरच्या आवाजाच्या वर ओरडले. "इकडं काय आलं न्हाई."

"यायचं बी न्हाई ते. डोळाच तसला व्हता."

शर्यतीत कबूतर दुसरं आलं तरी हा माणूस महिनाभर सगळ्या बाजाराला सांगत फिरतो. आणि धारूरहून सगळ्यांच्या आधी आलेलं आज त्याच्या हातात होतं.

"व्हय," हे म्हणाले. "डोळाच तसला व्हता."

फोन बंद झाल्यावर मी मिक्सर बंद केला. त्यांनी कबूतर माझ्या हातात दिलं आणि आपली कबुतरं आली का ते बघायला गच्चीवर गेले.