आक्कांची सही

आमच्या ऑफिसात कुणी "झालं" म्हटलं की आक्का खुर्ची फिरवून विचारायच्या, "मागं कोण राहिलंय?" काम संपलं यावर त्यांचा विश्वासच बसायचा नाही. त्या आटपाडीकडच्या. वडिलांची मेंढरं होती. कळप आत आला तरी वडील लगेच दाराचा झाप लावत नसत. एखादं लंगडं, एखादं हट्टी मागून येतं, त्याची वाट बघत उभे राहत. ते वाट बघणं आक्कांनी सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आणलं होतं.

सुती साडी, पायात पांढरे बूट आणि टेबलाच्या खणात भडंगाचा पुडा, असा त्यांचा थाट. पण कीबोर्डजवळ भडंग खाल्लेलं चालायचं नाही, त्यासाठी गॅलरीत जायचं. मी साताऱ्याहून नवा आलो तेव्हा पहिली बोलणी खाल्ली ती यावरूनच. दुसरी खाल्ली कॉम्प्युटरच्या सूचना न वाचण्यावरून. स्क्रीनवर पिवळ्या ओळी यायच्या आणि आम्ही त्या सरळ वर ढकलायचो. आक्का हात धरायच्या. "अरं, ते काय तरी सांगतंय. आयकून तरी घे."

कंपनीचं मुख्य काम दूध संकलनाच्या प्रोग्रामचं. त्याचा पाया आक्का आणि त्यांचे जुने सहकारी सदादादा यांनी मिळून घातला होता. सदादादा मी येण्याआधीच हृदयविकारानं गेले. पण प्रोग्रामच्या इतिहासात ते जागोजागी भेटायचे. कोणी, कधी, कोणती ओळ बदलली हे त्यात नावानिशी राहतं. महत्त्वाच्या टप्प्यावर खूण बांधतात आणि बांधणारा तिच्यावर स्वतःची डिजिटल सही करतो. खुणेखालचं अक्षर जरी हललं तरी ती सही खोटी ठरते. सुरुवातीच्या सगळ्या खुणांवर सही सदादादांची होती.

मग तो प्रोग्राम एका मोठ्या दूध संघाला द्यायचं ठरलं आणि नेमकी तेव्हाच एक अडचण वर आली. सुरुवातीच्या दिवसांत चाचणीसाठी गवळ्यांच्या खऱ्या बँक खात्यांची फाइल आत टाकली होती. पुढे ती काढली, पण इतिहासात ती होतीच. साहेब म्हणाले, "जुना इतिहास टाकून द्या. आजपासून कोरं सुरू करा."

आक्का उठून उभ्याच राहिल्या. "आन् सदाचं नाव? त्यानं रक्त आटवलंय ह्यात. फाइल जाईल, पर नाव जायाचं न्हाई. मी सगळा इतिहास नव्यानं लिहिते."

साहेबांनी आठवडाभराची मुदत दिली. आम्ही कामाला लागलो. त्यासाठीचा एक वेगळा प्रोग्राम पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक बदल उचलायचा, ती फाइल वगळायचा आणि बाकी सगळं नावातारखेसह पुन्हा मांडायचा. इतिहासाच्या सगळ्या शाखा, म्हणजे समांतर चाललेल्या आवृत्त्या, स्वच्छ झाल्या. मी आनंदानं ओरडलो, "झालं!"

"मागं कोण राहिलंय?"

राहिलं होतं. पिवळ्या ओळींत एक ओळ होती की अमुक खूण वेगळ्याच प्रकारची आहे, म्हणून सोडून दिली. खूण साधारणपणे सगळ्या कामाच्या एका टप्प्यावर असते. ही मात्र सरळ एकाच फाइलवर बांधलेली होती. सदादादांनीच कधीतरी चाचणीच्या सोयीसाठी बांधली असावी. आक्कांनी ती उघडली. तीच खात्यांची फाइल! ती खूण तशीच पुढे गेली असती तर सगळी खाती संघाच्या हातात पडली असती. आक्कांनी ती खूण काढून टाकली आणि फाइल खरोखर गेल्याची खात्री केली. मग हसल्या. "सदा, तुझंच मेंढरू मागं राहिलं बघ."

पण खरी परीक्षा पुढे होती. सहीच्या खुणा आल्या आणि इतिहास लिहिणारा तो प्रोग्राम अडून बसला. इतिहास बदलला होता, त्यामुळे जुन्या सह्या आता जुळणार नव्हत्या. साहेब म्हणाले, "तशाच चिकटवा. कोण तपासतंय?"

"गेलेल्या माणसाच्या सहीवर आपला बदल खपवायचा? मला न्हाई जमायचं. बदल मी केलाय, सही माझी."

ज्या सदादादांच्या नावासाठी त्या साहेबांशी भांडल्या होत्या, त्यांच्याच सह्या त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवल्या. डोळे पुसत होत्या, पण हात थांबला नाही. प्रत्येक खुणेखाली आधी लिहिलं, 'काम सदाशिवचं,' आणि मग स्वतःची सही केली. ओळीओळीवरचं सदादादांचं नाव तर राहिलंच होतं. अशा बाईच्या हाताखाली मी शिकलो, हे आजही मी छाती फुगवून सांगतो.

आक्का आता आटपाडीला असतात, डाळिंबं बघतात. मी कंपनीची साताऱ्याची शाखा सांभाळतो. परवा त्याच प्रोग्रामच्या इतिहासात एक विसरलेला पासवर्ड सापडला. पुन्हा सगळं नव्यानं लिहिणं आलं. पिवळ्या ओळी वाचल्या, वेगळ्या खुणा एकेक उघडून पाहिल्या. शेवटी सह्यांपाशी आलो. फोन लावला.

"आक्का, तुमची सही जाणार."

"जाऊ दे की. बदल कुणी केलाय?"

"मी."

"मग तुझी सही घाल. मला काय इचारतोस?" मग म्हणाल्या, "मागं कोण राहिलंय का?"

मी खुणेखाली लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. आधी सदादादांचं नाव, मग आक्कांचं.

"कोणी नाही, आक्का. सगळे आत आलेत."

आणि मी सही केली.