उंबराची माशी आणि नसलेला कर्नल

बापूराव गेल्याची बातमी चांद्याहून आलेल्या मोटारीच्या कंडक्टरने शाळेच्या दारात सांगितली. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "म्हणजे ते पुस्तक आता माझ्या गळ्यात!" लाज वाटली, पण निघालं खरं. दीड महिना झाला त्याला. मेलेल्या म्हशीला मणभर दूध असतं म्हणतात. शोकसभेत बापूराव 'वैनगंगेचे थोर मत्स्यतज्ज्ञ' झाले. तीस वर्षांच्या मैत्रीच्या हक्काने सांगतो, या तज्ज्ञाने वैनगंगेत कधी घोट्याएवढ्या पाण्यातही पाय घातला नव्हता.

त्यांचं सारं ज्ञान कपाटात. साहेबलोक देश सोडून गेले तेव्हा एका बंगल्याच्या सामानातून त्यांनी सात इंग्रजी पुस्तकं उचलली. गळावर पिसं आणि रेशमी दोरा बांधून खोटी माशी कशी करायची, ती पाण्यावर टाकून माशाला कसं फसवायचं, एवढाच त्या सातांचा विषय. लिहिणारे सगळे फुरसतीचे. एकजण तर बदकाचं पीस डाव्या पंखाचं घ्यावं की उजव्या, यावर अकरा पानं खातो. आणि मासा कोणता? बर्फाच्या पाण्यातला! आमच्या नदीत मे महिन्यात सोडला तर शिजूनच वर येईल. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेल्यावर बापूरावांना उद्योग उरला नाही, म्हणून या सातांवरून ते मराठी आठवं रचू लागले. "मराठीत या शास्त्रावर अवाक्षर नाही रे, मास्तर," म्हणायचे. "कुणाचं नडलं नाही म्हणून नाही," मी म्हणायचो. मग दोन दिवस अबोला...

एकदा चिडून मी कवडूभाऊ ढिवरांनाच त्यांच्या ओसरीवर नेलं. जातीने कोळी, जन्म नदीवर मासे धरण्यात गेलेला माणूस. त्यांनी पुस्तकांतली चित्रं नीट पाहिली आणि विचारलं, "माशीच काऊन पाह्यजे जी, बापूसाहेब? उंबर पिकलं का मासा झाडाखाली येऊन उभा राह्यते." तांबड्या लोकरीची गोळी मेणात घोळवून त्यांनी गळावर बसवली, दोरा दातांनी तोडला. दुसऱ्या दिवशी पाण्यावर झुकलेल्या उंबराखाली ती पिकल्या फळासारखी पडू दिली. हातभर मासा लागला. काठावर खुर्ची टाकून बसलेले बापूराव धडपडत उठले आणि टाळ्या वाजवू लागले. त्या क्षणी ते मला फार आवडले होते.

शेवटच्या भेटीत त्यांनी हस्तलिखित माझ्या हाती दिलं. "छापून घे. एक अक्षर बदलू नकोस." मी शब्द दिला. तेरवीनंतर, शोकसभेच्या आदल्या रात्री वाचलं. तीनशे पानं उसनी आणि बेचव. शेवटचं प्रकरण उंबराचं, तेवढं मात्र सुंदर. आणि ही युक्ती कोणाची? कुणा कर्नलसाहेबाची! हा कर्नल सातही पुस्तकांत नाही, जगात कुठेच नाही. ढिवराच्या नावाचं शास्त्र कोण वाचणार, म्हणून बापूरावांनी साहेब जन्माला घातला. काखेत कळसा, तोही विलायती म्हणून सांगायचा. स्वतःच्या नावावर चोरण्याइतकीही हिंमत या माणसात नव्हती.

मी ते प्रकरण कवडूभाऊंना वाचून दाखवलं. जाळं विणता विणता ते खूश झाले. "म्हंजे त्या साहेबाच्या देशात बी उंबर हाये?"

"साहेब नव्हताच, कवडूभाऊ. बापूरावांनी बनवला. तिथे तुमचं नाव घालतो."

त्यांचे हात थांबले.

"माहं नाव नोका लिहू, गुरुजी. मले माह्या बापानं शिकवलं. डोमा नाव त्याचं. लिहाचंच असन तं त्याचं लिहा."

काल बापूरावांच्या मेजाशी बसून मी कर्नलवर रेघ मारली आणि वर 'डोमा ढिवर' लिहिलं. दिलेला शब्द मोडला. वाईट वाटतं, बापूराव, खरंच वाटतं. पण तिथे ढिवराचं नाव तुम्ही स्वतः लिहिलं असतंत ना, तर त्या शोकसभेत मी सगळ्यांच्या देखत रडलो असतो.