अलिबागच्या वाळूत ऐकलेला डबा

मंडळी, हा ग्रुप मी वर्षभर गुपचूप वाचतोय... आणि खोटं कशाला बोलू, हसण्यासाठी वाचतोय. पांढरी साडी, उलटे पाय, पिंपळाखालची बाई. आमच्या विठ्ठलवाडीच्या घरात असल्या गोष्टींना आजोबांच्या वेळेपासून बंदी. रस्त्यात उतारा दिसला तर त्यातला नारळ घरी आणून चटणी करणारं आमचं खानदान. त्यात माझा धंदा साऊंडचा. हळदी, लग्न, बारसं, माईक आणि स्पीकर आमचे. कुठला आवाज कुठून येतोय हे ओळखण्यावर माझं पोट चालतं. त्यामुळे भुताला मला गंडवायचं असेल तर पूर्ण तयारीनिशी यावं लागेल, असं मी चारचौघांत म्हणायचो.

जे आलं ते काय होतं माहीत नाही. पण तयारीनिशी आलेलं.

गेल्या थंडीत मी, बायको सुरेखा आणि माझे सासरे असे दोन दिवस अलिबागला गेलेलो. सासरे अठ्ठ्याहत्तरचे, ठाण्याच्या खाडीकाठच्या गावात एकटेच राहतात. उमेदीची सगळी वर्षं मिठागरात गेली. आता मिठागर राहिलं नाही, तीन वर्षांपूर्वी सासूबाईही गेल्या. आणि काही महिन्यांपासून नवीनच सुरू झालेलं. दुपारी ओटीवर बसलेले सासरे एकदम उठायचे, "हाक आली" म्हणायचे आणि खाडीकडे चालायला लागायचे. कोणाची हाक, तर सासूबाईंची. दोनदा शेजाऱ्यांनी त्यांना चिखलातून परत आणलं.

माझ्या मेहुण्याने ठरवून टाकलं. सोमवारी डॉक्टरला दाखवायचं, गावच्या घराला कुलूप लावायचं आणि बाबांना डोंबिवलीला, सातव्या मजल्यावर न्यायचं. सासरे एवढंच म्हणाले, "म्हंजे मी येडा झालो." त्या रात्री जेवले नाहीत. कुलपापेक्षा ते 'येडा' त्यांना जास्त लागलेलं. सुरेखा म्हणाली, सोमवारच्या आधी बाबांना समुद्र दाखवून आणू.

पहिल्या दिवशी आम्ही आक्षी, नागाव करत चौल-रेवदंड्यापर्यंत फिरलो. सासरे टूरवर नव्हते, इन्स्पेक्शनवर होते. आक्षीच्या सुरूच्या बनात म्हणाले, "सावली बरी हाय." रेवदंड्याच्या तटबंदीवर हात फिरवला आणि दगड पास केला. नागावच्या किनाऱ्यावर बोट बुडवून चाखलं. "पानी झकास हाय. पन मीठ कोन काढतो हितं? सगले लॉज काढतात."

दुसऱ्या दिवशी कुलाबा किल्ला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी — किल्ला समुद्रात आहे. ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने जायचं, भरतीच्या आधी परतायचं. सुरेखाचे गुडघे दुखत होते, ती किनाऱ्यावर शहाळीवाल्यापाशी बसली. घोडागाडीवाल्याने आम्हाला बजावलं, "काका, दोनच्या आत माघारी या. नंतर पाणी भरतं."

सासऱ्यांनी बोटांच्या पेरांवर तिथी मोजली. "आज आठवी तिथ. तीनपर्यंत पानी हलत नाय."

"काका, मी रोज इथेच असतो."

"आनि मी काय डोंगरावर होतो? चला पावनं."

पावनं म्हणजे मी, जावई. गेलो. किल्ल्यातल्या देवळात पाया पडलो, म्हणजे ते पडले, मी चपला सांभाळल्या. मग तटाबाहेर खडकावर बसलो. गाड्या परतल्या, माणसं पांगली. दोन वाजून गेले. मी घड्याळ दाखवलं की सासरे खाली बोट दाखवायचे. वाळू कोरडी होती. साठ वर्षं ज्याने पाणी वाचलं त्याला मी काय सांगणार?

आणि तेव्हा तो आवाज आला.

ठण ठण... ठण. ठण ठण... ठण. पत्र्याचा रिकामा डबा, त्यावर लोखंडी काहीतरी. किनाऱ्याच्या बाजूने, स्वच्छ, जणू वीस पावलांवर. मी मान वळवली. सासरे माझ्याकडेच बघत होते. आवाजाकडे नाही, माझ्या तोंडाकडे.

"आयकलाव?"

"कोणीतरी डबा वाजवतंय."

त्यांचे डोळे भरून आले. क्षणभरच. मग उठलेच. "चला. पानी आलं."

"बाबा, वाळू तर कोरडी आहे."

"चला म्हनतो ना."

त्यांनी माझं मनगट पकडलं. निम्म्या वाटेत कळलं. मधल्या खोलगट भागात दोन्हीकडून पाणी शिरत होतं, बघता बघता मांड्यांपर्यंत. मला पोहता येत नाही, हे मी धंद्यात कोणाला सांगत नाही, तुम्हाला सांगतो. ते तळपायाने वाळू चाचपत पुढे, मी मागे, मोबाईल डोक्यावर. अजून दहा मिनिटं बसलो असतो तर हे लिहायला मी नसतो.

किनाऱ्यावर सासरे वाळूतच बसले. "माजी चूक झाली. मी आमच्या खाडीचा हिशोब लावला. आमच्या मिठाच्या आगरात पानी आत येईपर्यंत उशीर होतो. हितं तं दर्या दारातच हाय." मग दम घेऊन म्हणाले, "मी बांधाच्या पल्याड कामात असलो का तुमची सासू डबा वाजवायची. भरती आली, या म्हनून."

मी सुरेखाला विचारलं. तिने डबा ऐकला नव्हता. शहाळीवाल्याने ऐकला नव्हता. घोडागाडीवाल्याने आम्हाला हात करून करून हाका मारलेल्या, त्या मात्र आमच्यापर्यंत पोचल्या नाहीत. पोचणारच नाहीत... वारा समुद्रावरून किनाऱ्याकडे होता. एवढ्या अंतरावर, उलट्या वाऱ्यात, माझा सगळ्यात मोठा स्पीकरही हरला असता.

खानावळीत सुरेखा हळूच म्हणाली, "अहो, बाबांचं मन राखायला म्हणताय ना?"

सासरे समोरच होते. ताटातली सुरमई तशीच. माझ्या उत्तरावर त्यांचं सगळं अडकलेलं. मी चमचा घेतला आणि स्टीलच्या तांब्यावर वाजवून दाखवलं. ठण ठण... ठण.

सुरेखाचा हात थांबला. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"आई अशीच..." म्हणत ती उठली. बाहेर जाऊन तिने भावाला फोन लावला. मला एवढंच ऐकू आलं, "डॉक्टरकडे जाऊ रे, नक्की जाऊ. पण कुलूप नको. मी आठवड्यातले चार दिवस गावी राहीन."

सासऱ्यांनी सुरमई संपवली. माझीही संपवली.

डॉक्टर म्हणाले, या वयात थोडा विसर पडतोच, लक्ष ठेवा. ऐकू येण्याबद्दल मी त्यांना माझं काही सांगितलं नाही, मला धंदा करायचाय. मी हिशोब लावून बघितले. वारा, खडकावरून परत येणारा आवाज, भीती. पण भीती तर नंतर वाटली, आणि तो ठेका मी आधी कुठे ऐकलेलाच नव्हता. तुमच्यापैकी कोणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा. सासरे ग्रुपवर नाहीत.

आता रविवारी मीही त्यांच्या ओटीवर जाऊन बसतो. पंधरा रविवार झाले, कान टवकारून बसतो, मला एकदाही काही ऐकू आलेलं नाही. गेल्या खेपेला माझा चेहरा पडलेला बघून सासऱ्यांनी माझ्याकडे पानाचा डबा सरकवला.

"बसा पावनं," ते म्हणाले. "आज पानी उशिरा हाय."